नवी सायफाय कादंबरी येतेय, तिच्याबद्दल दहा मिनिटं बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

संधिप्रकाश (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, इथे सायफाय-फँटसी लिहिणारे बरेच जण आहेत म्हणून मुद्दाम इथेच विचारतोय. माझी पहिली कादंबरी शेवटच्या प्रूफात आहे, महिनाभरात छापून येईल. त्याआधी एक ऑनलाइन गप्पांचा कार्यक्रम ठरलाय, आम्ही पाच लेखक, दोघं सायफायवाले आणि तिघं फँटसीवाले, प्रत्येकाने आपल्या नव्या कादंबरीबद्दल दहा मिनिटं बोलायचं आणि मग श्रोत्यांचे प्रश्न. चार वर्षं लिहीत होतो आणि आता दहा मिनिटांत काय सांगायचं ते ठरत नाहीये.

कादंबरी अशी आहे. एका लाल बटू ताऱ्याच्या, म्हणजे आपल्या सूर्यापेक्षा लहान आणि थंड ताऱ्याच्या, अगदी जवळून एक ग्रह फिरतो, इतका जवळून की त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते, आपल्या चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते ना तसंच, टायडल लॉकिंग. म्हणजे अर्ध्या ग्रहावर कायमचं ऊन, अर्ध्यावर कायमचा काळोख, आणि मधे एक अरुंद पट्टा जिथे सूर्य क्षितिजाच्या जरासा वर टेकून बसलाय आणि तिथून हलतच नाही. माणसं या पट्ट्यात राहतात. हे काही हवेतून काढलेलं नाही, २०१६ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या लाल बटूभोवती असा ग्रह सापडला, आपल्यापासून फक्त ४.२ प्रकाशवर्षं, त्याचं वर्ष ११ दिवसांचं आणि बहुधा तोही असाच लॉक झालेला, मग २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचे सात ग्रह जाहीर झाले, तिथे तर शेजारचा ग्रह आकाशात आपल्या चंद्रापेक्षा मोठा दिसू शकतो. मी दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलंय. माझ्या ग्रहावरून सूर्य आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसतो. आणि लाल बटू म्हटलं की लोकांना रक्तासारखा उजेड वाटतो पण तसा नसेल तो, तापमान ३००० केल्विनच्या आसपास म्हणजे जुन्या तारेच्या बल्बच्या जवळपास, तसाच पिवळट उजेड असेल.

हे सगळं बहिणीला फोनवर बोलून दाखवलं. सात मिनिटं झाली. ती म्हणाली, "ग्रह कळला रे, पण गोष्ट कोणाची आहे?"

गोष्ट इराची आहे. तिथे दिवसरात्र नाही म्हणून वेळ मोजायचं काम एकाच घराकडे आहे, सूर्याच्या आणखी जवळून फिरणाऱ्या दुसऱ्या ग्रहाचा काळा ठिपका सूर्यावरून सरकत गेला की एक फेरी झाली, इरा काजळी धरलेल्या काचेतून बघते आणि घंटा वाजवते. काळोखातून बर्फ आणायला गेलेला माणूस चाळीस फेऱ्यांत परत आला नाही तर तो मेला असं धरतात आणि त्याचं घर दुसऱ्याला देऊन टाकतात. इराचा बाप गेलाय. एकोणचाळीस झाल्यात.

तर प्रश्न असा की तुम्ही स्वतःच्या नव्या पुस्तकाबद्दल बोलता तेव्हा शास्त्र किंवा जादूचे नियम किती सांगता, आणि गोष्ट किती?


अक्षरवेडी

अहो तुमच्या धाग्यातल्या शेवटच्या दोन वाक्यांवर माझा श्वास अडकला. "इराचा बाप गेलाय. एकोणचाळीस झाल्यात." इथून सुरुवात करा. ग्रह नंतर येऊ दे, किंबहुना तो आपोआप येतोच, कारण ऐकणारा लगेच विचारणार की एकोणचाळीस काय, आणि वेळ मोजायला माणूस कशाला लागतो, म्हणजे सूर्य कुठे गेला? मग तुमचं टायडल लॉकिंग हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर होतं, तुम्ही लादलेली माहिती राहत नाही.

माझी नवी फँटसी गेल्याच महिन्यात आली म्हणून हे अजून ताजं आहे. आपण म्हणतो ना शब्द दिला, शब्द पाळला, शब्द मोडला, शब्दाला जागला. माझ्या जगात हे खरोखरचं आहे. वचन द्यायचं म्हणजे आपल्या तोंडातला एक शब्द समोरच्याच्या हातात ठेवायचा, वचन पुरं होईपर्यंत तो शब्द तुम्हाला उच्चारता येत नाही, ओठ हलतात पण आवाज फुटत नाही. शब्द जितका कामाचा तितकं वचन मोठं. कोणी "गरुड" ठेवून जातो, त्याला फारसं कोणी विचारत नाही. कोणी "पाणी" ठेवतो. आणि माझी नायिका अठराव्या वर्षी भावाला सोडवण्यासाठी "नाही" हा शब्द देऊन बसते.

पहिल्या एकदोन कार्यक्रमांत मी काय केलं तर शब्दांचा बाजार कसा चालतो, सावकार शब्द कुठे ठेवतात, राजाकडे किती शब्द आहेत, सगळं सांगत बसले. लोक मन लावून ऐकत होते पण प्रश्न एकही आला नाही. तिसऱ्या वेळी नुसतं एवढंच म्हटलं की माझ्या कादंबरीत एक मुलगी आहे जिला नाही म्हणता येत नाही, कारण तो शब्द तिने गहाण ठेवलाय, आणि आज तिला बघायला पाहुणे आलेत. त्यानंतर हात वर होत राहिले. एकीने विचारलं "नको" चालतं का? दुसरा म्हणाला मान हलवली तर? आणि हे सगळे प्रश्न मी लिहिताना दोन वर्षं स्वतःला विचारले होते! "नको" चालतं असं मी पहिल्या खर्ड्यात ठरवलं होतं आणि त्याने कादंबरी पार ढिली पडली, मग "नाही" चं अख्खं घराणंच गेलं असा नियम केला, नाही, नाहीस, नव्हता, नको, नये, सगळं. तिचे संवाद लिहिताना एकेक वाक्य वळवावं लागलं. "मी येणार नाही" च्या जागी "मी इथेच थांबणार". "मला माहीत नाही" च्या जागी "हे तुलाच ठाऊक". आणि गंमत म्हणजे त्यामुळे ती पहिल्या खर्ड्यापेक्षा जास्त ठाम झाली, नकार देता येत नाही म्हणून तिला दर वेळी आपल्याला काय हवंय तेच बोलावं लागतं.

हा संवाद वळवायचा किस्सा सांगितला की लोकांना नियम कळतो, मुलगी कळते आणि मी काय करायला बसलेय तेही कळतं. तुमच्याकडे असा एखादा किस्सा असणारच, तो शोधा.


लंबवर्तुळ

अक्षरवेडींशी सहमत पण मी शास्त्राच्या बाजूने बोलणार, कारण सायफाय वाचणारा एक मोठा वर्ग फक्त त्यासाठीच येतो आणि त्याला दहातली तीन मिनिटं तरी द्यायलाच हवीत.

लेखकाने आपल्या कादंबरीचं शास्त्र उघडं करून सांगण्याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे हॅल क्लेमंट. १९५३ मध्ये त्याची मेस्क्लिन या काल्पनिक ग्रहावरची कादंबरी अमेरिकेतल्या ज्या मासिकात क्रमशः चालू होती त्याच मासिकात, ती चालू असतानाच, त्याने लेख लिहिला की हा ग्रह मी कसा बांधला. भन्नाट वेगाने गरगरणारा चपटा ग्रह, विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवाकडे जाल तसं शेकडो पट. त्याचं म्हणणं असं की हा लेखक आणि वाचकांमधला खेळ आहे, लेखकाने चुका कमीत कमी करायच्या आणि वाचकांनी जास्तीत जास्त शोधायच्या. मला हे फार आवडतं, वाचकाला बरोबरीचा मानणं आहे ते. लॅरी निव्हनचंही तसंच, १९७० च्या त्याच्या कादंबरीत ताऱ्याभोवती कड्यासारखं अवाढव्य जग होतं, पुढच्याच वर्षी एका संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी ते कडं स्थिर राहणार नाही म्हणून घोषणा देत फिरले, आणि निव्हनने ते मनावर घेऊन त्या कादंबरीच्या पुढच्या भागात ते कडं जागेवर ठेवणारी इंजिनं घातली.

आता तोच खेळ तुमच्याशी खेळतो, राग मानू नका. तुमच्या आकाशात शेजारी ग्रह आहेत. शेजारी असला की तो ओढणार, आणि ओढला की कक्षा अगदी गोल राहत नाही, जराशी लंबवर्तुळ होते. गुरूच्या आयो चंद्राचं हेच झालंय, युरोपा आणि गॅनिमीड त्याची कक्षा पूर्ण गोल होऊच देत नाहीत. आणि कक्षा लंबवर्तुळ असली की लॉक झालेला ग्रहसुद्धा मान हलवल्यासारखा किंचित डोलतो. आपल्या चंद्राचं असंच होतं, त्याला लायब्रेशन म्हणतात, म्हणूनच चंद्राची एकच बाजू दिसते असं आपण म्हणत असलो तरी या ना त्या वेळी मिळून पृथ्वीवरून त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग दिसून जातो.

मग तुमचा सूर्य क्षितिजावर स्वस्थ बसणार नाही, दर वर्षी, म्हणजे दर ११ दिवसांनी वगैरे, एखादा अंश वर आणि एखादा अंश खाली जाईल. एक अंश म्हणजे किती असं वाटेल, पण सूर्य इतका खाली असताना सावल्या बघा. सूर्य ५ अंशांवर धरा. दोन मीटरच्या खांबाची सावली २३ मीटर. सूर्य ६ अंशांवर गेला की ती १९ मीटर, आणि ४ वर उतरला की जवळपास २९! म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक माणसाला पायाखाली घड्याळ मिळालं. सावली आखडली, लांबली, झाली एक फेरी. मग इराच्या घराण्याकडे वेळ मोजायचा मक्ता राहील कसा? आणि घंटा वाजवली नाही तर लोक सावली बघून ओळखतीलच की.

प्रश्नोत्तरांत हे कोणीतरी विचारेल अशी तयारी ठेवा.


फक्त वाचक

मी काही लिहीत नाही, वाचतो मात्र भरपूर आणि असे कार्यक्रमही भरपूर ऐकलेत, तर श्रोत्यांच्या बाजूने दोन शब्द.

मला लेखकाने कादंबरीचा अर्थ सांगितलेला अजिबात आवडत नाही. "ही कादंबरी म्हणजे खरं तर सत्तेविषयी आहे", "हे जग म्हणजे आपल्या समाजाचं रूपक आहे" असं ऐकलं की पुस्तक वाचायच्या आधीच संपतं माझ्यासाठी, मग प्रत्येक पानावर ते रूपकच दिसायला लागतं. आपल्याकडचं नारळीकरांचं उदाहरण मला या बाबतीत नेहमी आठवतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, का तर परीक्षकांनी नाव बघून भारावून जाऊ नये. आणि पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. लेखक पूर्ण बाजूला आणि कथा एकटी उभी! आता तुम्हाला बोलायचंय म्हणजे तेवढं बाजूला होता येणार नाही, पण निदान कथेच्या समोर उभं राहू नका.

आणि एक, शेवट न सांगणं पुरेसं नसतं हो. इरा चाळिसावी घंटा वाजवते की नाही हा तुमच्या कादंबरीचा प्रश्न दिसतोय. तो प्रश्न सांगा, बिनधास्त सांगा, पण "तिला काहीतरी भयंकर सत्य कळतं" किंवा "आणि मग सगळंच बदलतं" असलं काही जोडू नका, त्याने उत्सुकता वाढत नाही, नुसता अंदाज लागतो.

अक्षरवेडी, तुमचं पुस्तक मागवतोय. पाहुण्यांपुढे ती काय बोलते ते इथे सांगू नका प्लीज.


मुद्रितशोधक

मी प्रूफं वाचतो, सायफायसुद्धा वाचलीत, म्हणून एकच विचारतो. सूर्य हलत नाही ना तुमच्या जगात, मग भाषेचं काय केलंत? मराठी अशी दिवसरात्रीने भरलेली आहे की तुम्हाला कळणारसुद्धा नाही कुठे कुठे लपलेत. काल, उद्या, परवा हे तर उघड आहेत. आजकाल, दिवसेंदिवस, रात्रंदिवस, वाढदिवस, "एके दिवशी", "डोक्यात उजेड पडला" (हे चालेल कदाचित), "तिन्हीसांजेला". परग्रहावरच्या एका हस्तलिखितात मी "उजाडताच तो निघाला" पकडलंय, आणि तिथे मुळात उजाडतच नव्हतं. प्रूफ अजून हातात आहे तर एकदा फक्त एवढ्यासाठी वाचून काढा.


संधिप्रकाश (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, तीन रात्री झाल्या हा धागा परत परत वाचतोय.

मुद्रितशोधक, उद्या, काल, सकाळ, संध्याकाळ हे शब्द मी सुरुवातीलाच काढले होते, कादंबरीत कुठेच नाहीत. "उद्या" च्या जागी "पुढच्या झोपेनंतर", "काल" च्या जागी "मागच्या झोपेआधी", सुरुवातीला जड वाटलं पण तिसऱ्या प्रकरणापर्यंत हाताला बसलं. तरी तुमचा प्रतिसाद वाचून प्रूफ पुन्हा काढलं आणि पान ११२ वर सापडलंच. इराची थोरली बहीण तिला हळूच सांगते, "मला दिवस गेलेत." इतकं आपलं वाक्य आहे हे की माझ्या आणि आणखी दोघांच्या डोळ्यांखालून सहज निसटलं. जिथे दिवसच नाही तिथल्या बाईला दिवस कसे जाणार! खूप वेळ अडलो तिथे. शेवटी लिहिलं, "ताई म्हणाली, आता आमच्या दोघांच्या फेऱ्या मोज." आणि हे लिहिल्यावर मलाच लख्ख कळलं की इरा आता दोन मोजण्यांच्या मधे उभी आहे, बापाची चाळीस भरू नये असं तिला वाटतंय आणि बहिणीची भरावी लागणार आहे, आणि घंटा तर एकच आहे. एक थांबवली की दुसरीही थांबणार. चार वर्षांत हे मला दिसलं नव्हतं, दोन्ही गोष्टी कादंबरीत होत्या पण शेजारी शेजारी कधी आल्याच नाहीत. प्रकाशकांना फोन केला, पानांची संख्या वाढत नसेल तर परिच्छेद बदला म्हणाले.

लंबवर्तुळ, राग कसला, तुमची आकडेमोड कागदावर करून बघितली, बरोबर आहे. माझी सुटका एका गोष्टीने होते. पट्ट्यात उन्हाकडची गरम हवा आणि काळोखाकडून जमिनीलगत येणारी गार हवा एकमेकींना भिडतात म्हणून माझ्या वस्तीवर बहुतेक वेळ दाट धुकं असतं, उजेड सगळीकडून सारखाच येतो आणि सावली पडतच नाही. इराचं घर चढावर आहे, धुक्याच्या वर, म्हणून तो ठिपका फक्त तिथूनच दिसतो. हे कादंबरीत आधीपासून होतं, पण मी धुकं फक्त वातावरणनिर्मितीसाठी घातलं होतं, त्याच्यावर तिच्या घराण्याचा सगळा अधिकार उभा आहे हे तुम्ही दाखवलंत. आता एका जागी चार ओळी बदलल्यात. धुकं थोडं विरळ होतं आणि वस्तीतलं एक पोर आपल्याच सावलीच्या टोकाशी दगड ठेवतं. दोन झोपांनंतर येऊन बघतं तर सावली दगडाच्या पलीकडे गेलेली. ते पोर इराकडे येतं आणि विचारतं, "ही का लांबली गं?" इरा उत्तर देत नाही. एवढंच ठेवलंय.

फक्त वाचक, तुमचं ऐकून रूपकावरची दोन मिनिटं काढून टाकली, खरंच होती ती. शेवटाबद्दल काहीच बोलणार नाही.

बोलायची सुरुवात आत्ता अशी लिहिलीय: "इराच्या वस्तीत कोणी मेलं की नाही हे इरा ठरवते. ती बघते, मोजते आणि घंटा वाजवते. तिचा बाप बर्फ आणायला काळोखात गेलाय आणि एकोणचाळीस फेऱ्या झाल्यात. चाळिसाव्या वेळी ठिपका सूर्यावरून जाताना तिने स्वतः बघितला, आणि खाली येऊन सांगितलं की ढग होते, दिसलं नाही." त्यानंतर ग्रह, तीन मिनिटं, त्यात प्रॉक्सिमा आणि सावलीचं गणित. मग "दिवस गेलेत" चा किस्सा, कारण अक्षरवेडींनी म्हटलेला किस्सा तोच आहे असं वाटतंय. उरलेला वेळ प्रश्नांना.


अक्षरवेडी

तोच आहे. आणि तो घाईत उरकू नका, तुम्ही कुठे अडलात ते पण सांगा. ऐकणारे मनातल्या मनात स्वतःचं वाक्य शोधायला लागतील, त्यांना थोडा वेळ द्या आणि मग तुमचं सांगा.

एक शंका. "ढग होते" हे तिचं पहिलंच खोटं आहे का? म्हणजे अख्ख्या आयुष्यातलं? असेल तर बोलताना तो शब्द घाला, "पहिल्यांदा". माझ्या नायिकेला नाही म्हणता येत नाही, तुमची पहिल्यांदाच नाही म्हणतेय, मला राहून राहून त्या दोघी शेजारी बसलेल्या दिसतायत.


संधिप्रकाश (धागाकर्ता)

हो, पहिलंच. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी खोटं बोललेलं नाही, म्हणून तर लोक घंटेवर विश्वास ठेवतात. शब्द घातला.

तुमची कादंबरी आज आली, पाहुणे नुकतेच दारात आलेत.


लंबवर्तुळ

धुकं मान्य. पण चढावर धुक्याच्या वर इराचं घर आहे म्हणजे तिच्या अंगणात सावली पडतच असणार. तिने ती कधी मोजली असेल का? की त्या घरातल्या सगळ्यांना सावलीचं पहिल्यापासून माहीत होतं?


संधिप्रकाश (धागाकर्ता)

प्रकरण सतरा. आता गप्प बसतो.